गिझरची ड्यूटी

दीनानाथ पेठकर पुण्यात वीज मंडळाच्या बिलिंग शाखेत एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. त्यातली शेवटची अकरा वर्षं ते खिडकीवर होते. बिल जास्त आलंय, मीटर पळतोय, अशी तक्रार घेऊन माणूस समोर उभा राहिला की दीनानाथ आधी त्याला एकच प्रश्न विचारत, "घरात नवीन काय आलं?" काहीतरी आलेलं असायचंच. फ्रिज, पिठाची चक्की, नाहीतर आंघोळीला तास लावणारा जावई.

८ मार्च २०२० रोजी ते आणि त्यांची पत्नी शैला तीन महिन्यांसाठी कॅनबेराला मुलाकडे आले. परतीचं तिकीट सहा जूनचं होतं. मार्च संपायच्या आत विमानं बंद झाली. तीन एप्रिलला मुलाचं, हृषिकेशचं, एका सरकारी खात्यातलं आयटीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुढं वाढवून मिळालं नाही. पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज अजून लटकलेला होता, त्यामुळे सरकारी मदतीच्या कुठल्याच रांगेत त्याला जागा नव्हती. तो आठवड्यातले चार दिवस पहाटे सुपरमार्केटमध्ये माल लावायला जाऊ लागला. सून विनीता एका कंपनीच्या पेरोलमध्ये होती. तिचं ऑफिस घरी आलं आणि पगार वीस टक्क्यांनी खाली गेला. नऊ वर्षांच्या निहारिकाची शाळा बंद झाली, मग सुरू झाली. कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातल्या त्या भाड्याच्या, तीन बेडरूमच्या घरात पाच माणसं चोवीस तास राहू लागली, आणि बाहेर हिवाळा सुरू झाला.

आपण ओझं झालो आहोत, असं दीनानाथांना कुणी सुचवलं नव्हतं. पण हिशेबाच्या माणसाला सुचवावं लागत नाही. दोन माणसांचं जेवण, दोन माणसांचं पाणी, शैलाबाईंच्या दम्यामुळे त्यांच्या खोलीत दिवसभर चालणारा ऑइल हीटर. या सगळ्याची भरपाई कुठंतरी करायला हवी, म्हणून ते स्वतःसाठी काम शोधत होते. भांडी ते घासायचे, पण विनीता पुन्हा मशीनमध्ये लावायची. बागेत गवत काढायला गेले तर ते गवत नसून घरमालकानं लावलेलं काहीतरी महाग झुडूप निघालं.

अठरा एप्रिलला, शनिवारी, त्यांना काम सापडलं. घराच्या बाजूच्या भिंतीवर मीटरची पेटी होती. जुन्या सवयीनं त्यांनी ती उघडून बघितली. मीटरशेजारी एक वेगळा डबा होता आणि त्यावर कुणीतरी मार्करनं लिहिलं होतं : हॉट वॉटर. खाली तीन जागांचा स्विच. ऑटो, ऑन, ऑफ. काटा ऑटोवर होता.

म्हणजे गिझर आपल्या मर्जीनं चालतो, दीनानाथांनी निष्कर्ष काढला. रात्रभर, दिवसभर, कुणी आंघोळ करो न करो! अडीचशे लिटरची टाकी! पुण्यात त्यांच्या घरी गिझर लावणं आणि बंद करणं हा रोजचा विधी होता. आंघोळीला जाणारा लावायचा, बाहेर येणारा बंद करायचा, आणि विसरला तर शैलाबाई अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "गिझर कुणी ठेवला?"

त्या दिवसापासून दीनानाथांनी गिझरची ड्यूटी घेतली. सकाळी सातला, घर जागं व्हायच्या वेळी, ते पेटी उघडून काटा ऑनवर आणायचे. संध्याकाळी साडेसातला, निहारिकाची आंघोळ झाली की ऑफवर. कुणाला सांगितलं नाही. वाचलेले पैसे एकदम बिलात दिसतील आणि मग सांगू, असा बेत होता. मे गेला, जून गेला. सकाळी गवत पांढरं होऊन करकरू लागलं, मोटारींच्या काचांवर बर्फाची साय धरू लागली, तरी दोन स्वेटर, मफलर आणि हृषिकेशचं जुनं जाकीट घालून ते सातच्या ठोक्याला बाहेर पडायचे.

"रोज सकाळी कुठं जाता हो?" शैलाबाईंनी एकदा विचारलं होतं.

"हवा खायला."

"उणे चारमध्ये? तुम्हाला पुण्यात पंख्याचा वारा सोसत नाही."

सोळा जुलैला बिल आलं. लेटरबॉक्समधून पाकीट दीनानाथांनीच आणलं. वीजबिलाचं पाकीट कुठल्याही देशातलं असो, त्यांना हातात घेतलं की कळायचं. त्यांनी ते विनीताच्या टेबलावर ठेवलं आणि मुद्दाम जवळ रेंगाळले. तिनं पाकीट फोडलं, बघितलं, पुन्हा घडी घातली आणि कीबोर्डखाली सरकवलं.

"किती आलं?"

"नेहमीचंच, बाबा."

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाखालचा छोटा हीटर बंद होता. तिचं टेबल जेवणघराच्या कोपऱ्यात, मोठ्या काचेच्या दाराला लागून होतं. त्या कोपऱ्यात दुपारीसुद्धा बोटं गार पडायची. ती लोकरीची टोपी घालून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवून मीटिंगमध्ये बोलत होती. कॅमेरा लावायच्या वेळी टोपी काढायची, बंद झाला की घालायची. सासू-सासऱ्यांच्या खोलीतला हीटर मात्र तिनं जाता-येता हात लावून बघितला, चालू आहे ना म्हणून.

"हीटर बिघडला का गं?" शैलाबाईंनी विचारलं.

"नाही आई, मला उकडतं."

"उकडतं!" खोलीत आल्यावर शैलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "नाक लाल झालंय पोरीचं. म्हणे उकडतं. बिल मोठं आलंय. तुम्ही बघा जरा."

"ती दाखवत नाही."

"तुम्ही मागितलं का? खिडकीवर बसून बसून सवय झालीय, लोकांनी आणून द्यायची."

रविवारी, एकोणीस तारखेला, त्यांनी मागितलं. हृषिकेश पहाटेच्या शिफ्टवरून येऊन झोपला होता. विनीता पोळ्या करत होती.

"विनीता, एकतीस वर्षं लोकांची बिलं बघितली. घरचं एक बघू दे."

"तुम्ही काळजी करत बसाल, बाबा."

"मी बिल बघून काळजी करत नाही. बिल न बघता करतो."

ती हसली. हात पुसून तिनं कीबोर्डखालून पाकीट काढून दिलं आणि पुन्हा पोळपाटाकडं वळली. पाठमोरीच म्हणाली, "बाराशे शहाऐंशी. मागच्या वर्षी याच तीन महिन्यांचं सातशे बेचाळीस होतं. सहा ऑगस्टपर्यंत भरायचंय. हृषीला सांगितलेलं नाही अजून. त्याला कळलं तर तो पाचवी शिफ्ट घेईल. आधीच उभ्या उभ्या झोपतो."

"पैसे आहेत?"

"भाडं दिल्यावर नाहीत. क्रेडिट कार्डावर टाकीन. मग पुढचं बिल ऑक्टोबरात, ते याहून मोठं असेल, कारण ऑगस्ट त्यात येतो." तिनं पोळी उलटली. "मी लोकांचे पगार करते, बाबा. दर पंधरा दिवसांनी एकशे दहा माणसांचा हिशेब सेंटपर्यंत जुळवते. आणि घरात हे."

दीनानाथांनी चष्मा लावला. पहिलं पान सगळेच वाचतात. ते दुसऱ्या पानाकडं गेले. तिथं वापर वेळेनुसार फोडून दिला होता. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ ही महागाची वेळ, युनिटला तीस सेंट. रात्री दहा ते सकाळी सात स्वस्त, चौदा सेंट. मधली वेळ मधल्या दराची. शेजारी मागच्या वर्षीचे आकडे. स्वस्त वेळेचा मागच्या वर्षीचा वापर चौदाशे वीस युनिट होता. यंदा तीनशे दहा.

त्यांनी बोट ठेवून आकडा पुन्हा वाचला. माणसं वाढली, थंडी तीच, आणि रात्रीचा वापर चौथ्या हिश्श्यावर? असं होत नाही. असं झालं तर चूक असते, आणि अशा चुका त्यांनी जन्मभर शोधल्या होत्या. अंगात एकदम ऊब आली.

"विनीता, हे बिल चुकलंय."

"म्हणजे?"

"स्वस्त युनिटं महाग खात्यात घातली आहेत. मीटरचं घड्याळ चुकलं असेल किंवा कारकुनाचा रकाना. तू एक पैसा भरू नकोस. मी चार दिवस रीडिंग घेतो, पुराव्यासकट तक्रार करू."

विनीता पोळी तव्यावर विसरून त्यांच्याकडं बघत राहिली. "खरंच, बाबा?"

"लिहून देतो."

पोळी करपली. ती त्यांनीच खाल्ली.

सोमवारपासून त्यांनी निहारिकाच्या जुन्या वहीच्या मागच्या बाजूला रकाने आखले. तारीख, वेळ, महाग, मध्यम, स्वस्त. सकाळी सातला, नऊला, संध्याकाळी पाचला, आठला. मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीनं यायचे. आपला यायची वाट बघत ते थंडीत उभे राहायचे.

"आजोबा इज स्टॉकिंग द मीटर," निहारिकानं जाहीर केलं.

विनीता बदलली होती. सोमवारी तिनं वीज कंपनीची वेबसाइट उघडून सत्तावीस तारखेला सकाळी अकराची फोनची वेळ घेतली. तक्रारीचे मुद्दे इंग्रजीत टाइप केले. जेवताना ती हृषिकेशला म्हणाली, "बाबांनी कंपनीला पकडलंय," आणि मग बिलाचा आकडा सांगितला, पण हसत सांगितला. हृषिकेशनं वडिलांकडं बघून अंगठा वर केला. दीनानाथांना ते जेवण फार गोड लागलं.

शुक्रवारी, चोवीस तारखेला, सकाळी सातला ते पेटीपाशी गेले. चार दिवसांचे आकडे वहीत होते आणि ते त्यांना पटत नव्हते. मीटर बरोबर चालत होता. घड्याळ बरोबर होतं. महाग युनिटं महाग वेळेतच पडत होती. रात्री मीटर जवळजवळ झोपलेला असायचा.

मीटरवर एक छोटा लाल दिवा होता. जितका वापर जास्त तितका तो भरभर मिचकावतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आत्ता तो सावकाश मिचकावत होता. घरात सगळे झोपलेले, हृषिकेश कामावर, फ्रिज आणि एक हीटर तेवढा चालू. दीनानाथांनी रोजच्याप्रमाणे गिझरचा काटा ऑनवर नेला.

दिवा वेड्यासारखा धावू लागला.

त्यांनी काटा ऑफवर नेला. दिवा शांत. पुन्हा ऑन. धावला. मग, तीन महिन्यांत पहिल्यांदाच, काटा ऑटोवर ठेवला. दिवा शांतच राहिला. त्यांनी नाकावरचा चष्मा पुसला आणि त्या डब्याचं झाकण उघडलं. आत घड्याळाची एक तबकडी होती, कडेनं बारीक खुंट्या. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंतच्या खुंट्या दाबलेल्या. बाकीच्या वर.

म्हणजे ऑटोवर गिझर रात्री स्वस्तात पाणी तापवून ठेवत होता आणि दिवसभर गप्प बसत होता. आणि अठरा एप्रिलपासून दीनानाथ पेठकर, निवृत्त, बिलिंग शाखा, स्वस्त वेळ सुरू व्हायच्या आधी तो बंद करत होते आणि ती संपली की चालू करत होते. रोज. न चुकता. ताप असतानाही एकदा.

त्यांनी तिथंच वहीत हिशेब केला. बोटं वाकत नव्हती. गिझरची दिवसाला सुमारे बारा युनिटं, बिलातले सत्त्याऐंशी दिवस, युनिटमागे सोळा सेंटचा फरक. सगळी युनिटं महाग वेळेत पडली असं धरलं तर एकशे सदुसष्ट डॉलर. बिलाच्या वाढीतले बाकीचे पावणेचारशे डॉलर पाच माणसांचे आणि थंडीचे, ते कुणालाच चुकले नसते. पण हे एकशे सदुसष्ट त्यांचे एकट्याचे होते.

नऊचं रीडिंग त्यांनी घेतलं नाही.

"काय झालं?" शैलाबाईंनी चहा देताना विचारलं. "कंपनी सुटली का तावडीतून?"

दीनानाथांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं. शैलाबाई ऐकत होत्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसल्या, हसता हसता खोकल्या, खोकता खोकता पुन्हा हसल्या, आणि दम्याचा पंप शोधावा लागला.

"घरात नवीन काय आलं!" त्या श्वास सापडल्यावर म्हणाल्या. "लोकांना विचारायचात ना? तुम्ही आलात!"

"हसू नकोस. सोमवारी ती कंपनीशी भांडणार आहे. माझ्या शब्दावर."

"मग आज सांगा."

"कसं सांगू? ती माझ्यामुळे टोपी घालून बसलीय. तीन महिने मी स्वतःला या घराचा उपयोगी माणूस समजत होतो, शैला." त्यांनी वही उशीखाली सारली. "पोराची नोकरी गेली तेव्हा मला काही करता आलं नाही. हे एक करता येत होतं."

शैलाबाईंनी हसणं थांबवलं. त्यांच्या हातातला गार झालेला कप घेतला. "त्या पोरीनं तुमच्याकडं कधी उपयोग मागितलाय का? सांगून टाका हो. तिला कळायच्या आधी तुम्ही सांगितलंत तर ती तुमची कबुली. नंतर सांगितलंत तर तिनं पकडलेली चूक."

शुक्रवार गेला. शनिवारी हृषिकेश म्हणाला, "बाबा, तुमचा पुरावा मी स्कॅन करून देतो," आणि दीनानाथ म्हणाले की अक्षर नीट काढून देतो. रविवारी त्यांनी काहीच म्हटलं नाही. फक्त गिझरला हात लावला नाही.

सोमवारी अकराला पाच कमी असताना विनीता टोपी घालून टेबलाशी बसली. समोर तक्रारीचा कागद, फोन स्पीकरवर. कंपनीचं संगीत सुरू झालं होतं. दीनानाथ वही घेऊन आले आणि शेजारची खुर्ची ओढून बसले.

"बाबा, आकडे वाचून दाखवाल ना? मी सांगेन तेव्हा."

"विनीता, कंपनीची चूक नाही."

ती वळली. फोनमधल्या बाईनं रेकॉर्ड केलेल्या आवाजात सांगितलं की तुमचा कॉल महत्त्वाचा आहे.

"माझी आहे," दीनानाथ म्हणाले, आणि मग खिडकीवर बोलायचे तसं, एकामागून एक, तारखेसकट सांगितलं. अठरा एप्रिल. सकाळी सातला ऑन, संध्याकाळी साडेसातला ऑफ. ऑटोचा अर्थ. खुंट्या. सत्त्याऐंशी दिवस. एकशे सदुसष्ट. "मी शुक्रवारी सांगायला हवं होतं. तीन दिवस लाजेनं काढले. तू ती तक्रार करू नकोस, तोंडघशी पडशील."

विनीतानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुम्ही रोज सकाळी त्यासाठी बाहेर जात होता?"

"हो."

"उणे पाचमध्ये?"

"एकदा उणे सहा होतं."

तिनं तोंडावर हात दाबला. ती रडते की हसते हे दीनानाथांना कळेना. बहुधा तिलाही कळत नव्हतं. "मला वाटायचं तुम्हाला घरात कोंडल्यासारखं होतं, म्हणून जाता. मी हृषीला म्हणाले होते, बाबांना इथं करमत नाही."

"ते एकशे सदुसष्ट मी परत..."

"बाबा, ते राहू द्या." तिनं फोनकडं बघितलं. "मी आता फोन ठेवते. कार्डावर टाकून देते सगळं."

"का? वेळ मिळालीय तर बोल ना त्यांच्याशी. हप्ते मागून घे."

"तेच जमत नाही." तिचा आवाज खाली गेला. "तक्रार करायला मला लाज वाटत नव्हती. तुम्ही म्हणालात चूक आहे, तेव्हा किती बरं वाटलं माहितीये? भांडता आलं असतं. मागायचं म्हणजे... आमच्या घरी बिल आलं की त्याच दिवशी पप्पा भरून यायचे. मी कुणाकडं कधी सवलत मागितलेली नाही."

दीनानाथांनी वही बंद केली. हे काम त्यांना येत होतं. याच्याइतकं दुसरं कुठलंच येत नव्हतं.

"ऐक. मी अकरा वर्षं काचेच्या पलीकडच्या बाजूला बसलो होतो. मुदतीच्या आधी येऊन जो सांगायचा, साहेब, एकदम जमत नाही, त्याच्याबद्दल आम्ही कुणी कधी वाईट बोललो नाही. त्याची फाइल दोन मिनिटांची असायची. वीज कापायची वेळ यायची ती न आलेल्यांची. कापायला माणूस गेला की आतून हळूच दार लावून घ्यायची, चांगले कपडे घातलेली माणसं. त्यांची नावं मला अजून आठवतात. आलेल्यांपैकी एकाचंही आठवत नाही."

संगीत थांबलं. "हॅलो, धिस इज शॅरन," फोन म्हणाला.

विनीतानं दीनानाथांकडं बघितलं. त्यांनी हातानं खूण केली, बोल.

"हाय शॅरन," विनीता म्हणाली. "मी बिलाबद्दल... बिल बरोबर आहे. पण माझ्या नवऱ्याचं काम गेलंय आणि मला ते एकदम भरता येणार नाही."

इतकंच होतं ते वाक्य. दीनानाथांनी बघितलं, तिनं ते बोलताना खुर्चीचा हात धरला होता, तो आता सोडला.

शॅरन घाईत नव्हती. घरात किती माणसं, कुणी आजारी, हीटिंग कसलं, असं एकेक विचारत गेली. या हिवाळ्यात असे फोन खूप येतायत, नो वरीज, म्हणाली. मग थोडा वेळ तिच्या बाजूनं कीबोर्ड वाजला.

"एक गोष्ट दिसतेय," ती म्हणाली. "तुमचं गरम पाणी बहुतेक पीक टाइमला, महागाच्या वेळेत, तापतंय. आधी असं नव्हतं. स्विचला कुणाचा धक्का वगैरे लागला असेल का?"

दीनानाथांनी मान खाली घातली.

"हो," विनीता म्हणाली. "कुणाचा तरी लागला. आता ठीक केलंय." आणि टेबलाखालून तिनं सासऱ्यांच्या हातावर थोपटलं.

शॅरननं रक्कम सांगितली. आत्ताचं बिल आणि पुढच्या वर्षभराचा अंदाज, दोन्ही मिळून सव्वीस पंधरवड्यांत वाटायचं. म्हणजे हिवाळ्यात डोंगर आणि उन्हाळ्यात सपाट असं होणार नाही. पंधरवड्याला एकशे पन्नास. "किंवा तुम्हाला लवकर फेडायचं असेल तर जास्तही चालेल. किती जमेल?"

विनीताची पाठ ताठ झाली. सवलत मागितलीच आहे तर ती लवकर फेडून टाकू, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "आय थिंक... टू हंड्रे..."

दीनानाथांनी टेबलावर टिचकी मारली. ती थांबली. त्यांनी वहीच्या कोपऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "नक्की जमेल तेवढंच," आणि त्याखाली प्रश्नचिन्ह.

तिनं फोन म्यूट केला. "दोनशे जमवू, बाबा. काहीतरी करून."

"काहीतरी करून म्हणजे तुझा हीटर बंद ठेवून. दोन हप्ते देशील आणि तिसरा चुकेल. मग सगळं मोडतं, पुन्हा पहिल्यापासून. भाडं, वाणसामान, पेट्रोल काढून पंधरवड्याला काय उरतं? पेरोलवाली म्हणून सांग, सून म्हणून नको."

तिनं डोळे मिटले. ओठ हलले. "एकशे तीस. वाईटात वाईट पंधरवड्यात."

"मग एकशे वीस सांग."

"ती दीडशे म्हणतेय."

"ती तिचं काम करतेय. तू सांगून तर बघ."

विनीतानं म्यूट काढला आणि एकशे वीस सांगितले. तीन महिने एवढंच, नवऱ्याला काम लागलं की वाढवू. कीबोर्ड वाजला. दीनानाथ श्वास धरून बसले होते. खिडकीच्या या बाजूला तो किती वेळ धरावा लागतो हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

"दॅट्स फाइन," शॅरन म्हणाली. "ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा बघू. वापर कमी झाला तर तेवढ्यातच भागेल."

फोन ठेवल्यावर दीनानाथ उठले आणि आपल्या खोलीतला ऑइल हीटर चाकांवरून ढकलत बाहेर आणू लागले.

"बाबा, तो आईंचा आहे! आईंना थंडी बाधेल!"

"आई पण येतेय," आतून शैलाबाई म्हणाल्या. त्या शाल, पंप आणि पालकाची जुडी घेऊन दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलेलं होतं. "तीन खोल्यांत तीन हीटर कशाला? एका खोलीत बसू. मला पालक निवडायला कुठंही चालतं."

"माझ्या मीटिंग असतात, आई."

"मग? मी काही बोलणार आहे का?"

त्या बोलल्याच. पहिल्याच मीटिंगमध्ये विनीताची मॅनेजर पगाराच्या फायलीबद्दल काही सांगत असताना मागून शैलाबाईंचा आवाज आला, "ही बाई किती भरभर बोलते गं," आणि एकशे दहा माणसांचे पगार जुळवणाऱ्या विनीताला म्यूटचं बटण सापडेना. पण त्या आठवड्यापासून जेवणघराचं दार लोटलेलं राहिलं, मोठ्या काचेला जाड पडदा लागला, आणि एकच हीटर टेबलाजवळ दिवसभर चालू राहिला. निहारिका शाळेतून आली की तिथंच बसायची. हृषिकेश शिफ्टवरून येऊन तिथंच सोफ्यावर आडवा व्हायचा, विनीताच्या मीटिंग ऐकत झोपायचा. दीनानाथ पेपर वाचायचे आणि दर तासाला कुणीही न विचारता सांगायचे की बाहेर चार डिग्री आहे.

सहा ऑगस्टला, गुरुवारी, पगार जमा झाला. दुपारी मीटिंग चालू असतानाच विनीतानं आवाज बंद केला आणि खुर्ची मागं वळवली.

"बाबा, पहिला हप्ता गेला."

"एकशे वीस?"

"एकशे वीस."

"पावती आली?"

"ईमेल आलीय."

"मग तिची प्रिंट काढून..."

"बाबा."

"बरं," दीनानाथ म्हणाले, आणि पेपर उघडला.

"अहो, हळू," शैलाबाई पालकावरून नजर न काढता म्हणाल्या. "हृषी झोपलाय."